कुजण्याची अट

आमच्या यांनी आयुष्यात एकही वस्तू अट घातल्याशिवाय विकत घेतली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं जठारपेठेत भाजी आणायला गेलो, तर वांगीवाल्या बाईला हे विचारतात, "आतून किडकी निघाली तर परत घ्याल काय?" ती बाई तराजू खाली ठेवून म्हणाली, "आतून मी कुठं पाह्यली बापा? तुमी पाह्यली काय?" मी मळेवाल्यांची लेक. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या मळ्यात वांगी, मेथी, झेंडू, शेवंती यांच्यातच वाढले. वांगं देठावरून ओळखायचं असतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि माझा नवरा भर बाजारात वांग्यांचा करार करत उभा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी त्या बाईनंच दोन वांगी चिरून दाखवली, ती स्वच्छ निघाली, आणि पुढे ती बसायची बंद होईपर्यंत आम्ही वांगी तिच्याकडूनच घेतली.

यांची नोकरी अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात, खरेदी शाखेत. कुठल्या ते लिहीत नाही, लिहिलेलं यांना चालणार नाही. घर अकोल्याचं, त्यामुळे जन्मभर अपडाऊन केलं. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्यापर्यंत, तिथून ऑटोनं अमरावती, संध्याकाळी तसंच परत. खुर्च्या, कुदळी, खत, पाण्याच्या टाक्या, कार्यालयाला जे लागेल त्याच्या निविदा काढायच्या आणि माल आला की मोजून, तपासून ताब्यात घ्यायचा, हे यांचं काम. ते काम हे घरी घेऊन येत, पण फाइल कधी आणली नाही, फक्त स्वभाव आणला. घरात कुकर घ्यायचा तर तीन दुकानांतून दर काढायचे. मुलीच्या लग्नात हलवायाला यांनी लिहून दिलं होतं की जिलबी जेवणाच्या वेळी कुरकुरीत असावी, सकाळी तळलेली चालणार नाही. हलवायानं तो कागद कितीतरी दिवस दुकानात लावून ठेवला होता, म्हणतात.

कार्यालयाची एक मोठी रोपवाटिका आहे. माझ्या धाकट्या भावाचीही आहे, माहेरच्या जमिनीतच, लहानशी. कडुनिंब, करंज, शेवगा, पपई, फुलझाडं. एकदा त्यानं मोठ्या आशेनं विचारलं की तुमच्या कार्यालयाला रोपं पुरवायची निविदा मी भरू का. हे म्हणाले, "भरा. मी बदली मागतो." भाऊ हसला, पण त्याला लागलं ते मला दिसलं. नंतर मला म्हणाला, "ताई, भाऊजीनं सोयरीक आपल्याशी केली का कायद्याशी?" मी पण दोन दिवस यांच्याशी तोंडापुरतं बोलले. भावानं मात्र पुढच्या सणाला नेहमीसारखी फुलं पाठवली, आणि यांनी नेहमीसारखी देवाला वाहिली. माणूस असा आहे, हे आम्ही दोघांनीही मग पत्करलं.

आता पिशवीकडे येते. रोपं ज्या काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत वाढवतात ती सगळ्यांनी पाहिली आहे. लावताना ती फाडून काढायची असते. पण लावणाऱ्याला शंभर कामं. अर्धी माणसं तशीच पिशवीसकट खड्ड्यात ढकलतात, मुळं आतल्या आत गोल फिरतात आणि झाड बसकण मारतं. जे फाडतात ते पिशवी तिथंच टाकतात. आमच्या माहेरच्या काळ्या जमिनीत दर वर्षी वखर चालला की मातीतून काळ्या चिंध्या वर येतात. भाऊ त्या वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग करतो, वाऱ्यानं त्या पुन्हा वावरात जातात. माझी आई असताना म्हणायची, "या जमिनीत आता पेरलं थे कमी अन् नाई पेरलं थे जास्त निघून राह्यलं."

तर यांच्या कार्यालयात वरून पत्र आलं की काळ्या पिशव्या टप्प्याटप्प्यानं बंद करून वनस्पतीपासून केलेल्या, जैवआधारित पिशव्या घ्याव्यात. यांच्या निवृत्तीला तेव्हा दोन-अडीच वर्षं राहिली असतील. त्या वयात बाकीची माणसं गुडघ्यावर तेल आणि प्लॉटवर डोळा ठेवून असतात. हे मात्र त्या पत्रानं असे हरखले की गाडीतून उतरल्यावर ऑटोही न करता चालत घरी आले आणि हातपाय धुवायच्या आत मला सांगायला लागले.

मला वाटलं, त्यात काय, लिहायचं 'बायो पिशवी पाहिजे' आणि मागवायची. यांनी कपाळाला हात लावला. "बायो तर कोनीबी छापते पिशवीवर," म्हणाले. रात्रीच्या जेवणाला कढी आणि फुणके होते, ते निवत राहिले आणि मी पिशवीचं पुराण ऐकत राहिले. मक्याच्या किंवा उसाच्या अंशापासून केली म्हणजे ती कुजतेच असं नाही. उसापासून केलेलं काही प्लास्टिक साध्या प्लास्टिकसारखंच वर्षानुवर्षं पडून राहतं. आणि कुजते असं ज्यावर लिहिलं असतं, त्यातलं पुष्कळसं कारखान्यातल्या गरम खतखड्ड्यात कुजतं, वावरात नाही. काही जण साध्या प्लास्टिकमध्ये चिमूटभर स्टार्च घालतात, त्याचे तुकडे होतात आणि प्लास्टिक तसंच मातीत राहतं. म्हणजे कशाची केली, त्यात वनस्पतीचा भाग किती, कुजते कुठे, कुजून मागे काय उरतं, हे सगळं वेगवेगळं विचारायला हवं आणि प्रत्येकाला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला हवा.

"बरं मग, नक्की काय पाह्यजे तुमाले?" मी विचारलं.

"रोप मोठं होईस्तोवर पानी घातलं तरी फाटली नाई पाह्यजे. अन् जमिनीत गेली की राह्यली नाई पाह्यजे."

"म्हंजे टिकली पाह्यजे अन् टिकली नाई पाह्यजे. हे निविदा हाय का सासूची अट?"

यांनी घास हातात धरून थोडा विचार केला आणि म्हणाले, "सासूचीच हाय. पन लिवता आली पाह्यजे."

ती लिहिण्यात पुढचे कितीतरी महिने गेले. मी यांना मुलीच्या नावावरून इतकं डोकं खाजवताना पाहिलं नव्हतं. सरकारी खरेदीत सगळ्यात कमी दरवाल्याला काम द्यायचं असतं, आणि सगळ्यात कमी दरात सगळ्यात खोटी पिशवी येते. म्हणून आधी गुणवत्तेचा लिफाफा उघडायचा. त्यात जे पास होतील त्यांचेच दर पाहायचे, असं यांनी सुचवलं. पुरवठादारांना बोलावून आधीच शंका विचारू दिल्या. त्यातल्या एका कारखान्याकडून यांनी नमुन्याच्या थोड्या पिशव्या स्वतःच्या पैशांनी, पावती घेऊन, घरी आणल्या. कार्यालयाचा नमुना घरी आणायचा नाही, ही यांची यांनाच घातलेली अट. मळकट पांढऱ्या रंगाच्या, हाताला जराशा रेशमी, वास थोडा भिजल्या पोह्यासारखा. यांनी एकीत माती भरली, पाणी घातलं, उचलून पाहिली, मोरीत ठेवली. पाहुणे आले की आधी चहा मग पिशवी. उरलेल्या माझ्या हातात देऊन म्हणाले, "नीट ठेव." मी त्या मधल्या खोलीत दिवाणाखाली ठेवून दिल्या आणि विसरून गेले.

त्याच कारखान्याची निविदा सगळ्या अटींत बसली. पण हे सगळं होता होता मार्च आला.

सरकारी मार्च ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. एकतीस तारखेच्या आत अनुदान खर्च झालं नाही तर ते परत जातं, आणि परत गेलं की पुढच्या वर्षी 'तुम्हाला लागत नाही' म्हणून कमी मिळतं. म्हणून वर्षभर लागणारं सगळं मार्चमध्ये घ्यायचं. खुर्च्या मार्चमध्ये, कागद मार्चमध्ये, छत्र्यासुद्धा मार्चमध्ये. वर्षानुवर्षं हेच चाललेलं, आणि हेही तेच करत आलेले. त्या दिवसांत हे शेवटच्या गाडीनं येत आणि झोपेतसुद्धा "देयक झालं काय" असं बडबडत. पिशव्याही तशाच मार्चच्या शेवटी आल्या, सगळ्या वर्षाच्या एकदम. यांनी नेहमीप्रमाणे गठ्ठे मोजले, मधून मधून उघडून पाहिले, माल चांगला मिळाला म्हणून सही केली. आणि काळ्या पिशव्या इतकी वर्षं जिथं ठेवत आले तिथंच, रोपवाटिकेच्या टिनाच्या गोदामात, त्या रचून ठेवल्या.

पिशव्या लागणार त्या निंबोळ्या लावायला, आणि निंबोळ्या पिकून पडतात त्या मृगाच्या पुढेमागे. म्हणजे एप्रिल, मे आणि जूनचे दिवस पिशव्या टिनाखाली. आमच्याकडच्या उन्हाळ्याचं कौतुक मी करणार नाही. दुपारी आम्ही दाराला ओलं पोतं लावून कूलरपुढे पडून असतो, आणि टिनाखाली तर कुत्रंही बसत नाही. यांना हे माहीत नव्हतं का? अकोल्यात जन्म काढलेला माणूस. पण काळी पिशवी टिनाखाली कधी काही म्हणाली नाही, म्हणून ही म्हणेल असं कुणाच्याच मनात आलं नाही. त्यातून वळवाचे दोन पाऊस झाले आणि गोदामाच्या फटीतून ओल आत गेली.

त्या संध्याकाळी हे घरी आले ते चप्पल न काढताच खुर्चीत बसले. खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. मला वाटलं प्रसाद आणला. उघडली तर आत पांढरा चुरा, डब्याच्या तळाशी गेल्या वर्षीच्या पापडांचा उरतो तसा.

"हे थे पिशव्या हायेत," म्हणाले.

गठ्ठा उचलला की कडा हातात यायच्या. मधल्या पिशव्या एकमेकींना चिकटलेल्या, ओढल्या की फाटत. सगळ्या नव्हे, पण अर्ध्याहून जास्त वाया गेल्या होत्या. रोपवाटिकेत निंबोळ्यांचा ढीग लागलेला आणि भरायला पिशवी नाही. मजूर आधी हसले, मग धड पिशव्या निवडायला बसले.

यांचे साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी यांना खोलीत बोलावलं, चहा दिला आणि सुटकेचा रस्ताही दिला. यांनी एक टिपणी लिहायची: सदर जैवआधारित पिशव्या या भागाच्या हवामानास अनुकूल नाहीत, पुरवठादारास काळ्या यादीत टाकावे, पूर्वीप्रमाणे प्लास्टिकच्या पिशव्या घेण्यास मान्यता मिळावी. खाली खरेदी शाखेची म्हणजे यांची सही. बस. कार्यालय सुटलं, हे सुटले, हवामानाला तर नोटीस देता येत नाही.

दुसरा रस्ता यांना दिसत होता. माल चांगला होता, आपण चुकीच्या वेळी घेतला आणि चुकीच्या जागी ठेवला, असं लिहायचं. पण माल घेतल्याची सही यांची, गोदामात ठेवल्याची सही यांची. असं लिहिलं की चौकशी यांच्यावर, आणि निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष राहिलेलं. चौकशी चालू असताना निवृत्त झालेल्या माणसांचे हाल आम्ही पाहिले होते. यांच्याच गाडीतले एक गृहस्थ निवृत्तीनंतरही अमरावतीच्या चकरा मारत होते, डबा घेऊन, नोकरीवर असल्यासारखे.

मी स्पष्ट सांगितलं, "सही करा अन् मोकळे व्हा. पिशवीसाठी कोनी जीव देते काय?"

"पन थे खरं नाई ना."

"खरंबिरं राहू द्या. जलमभर खरंच लिवलं ना? एक डाव हवामानाच्या माथी मारलं तर काय आभाळ कोसळून राह्यलं?"

हे उठून हातपाय धुवायला गेले. मला यांच्या गप्प बसण्याचा फार राग येतो. भांडणारा नवरा परवडतो, कारण तो कुठं उभा आहे ते कळतं.

टिपणी दोन-तीन दिवसांत द्यायची होती. यांनी त्या दिवसांत वांग्याच्या भरतात मीठ जास्त झालं ते सांगितलं नाही, दूधवाल्याशी पाण्यावरून वाद घातला नाही, ऑटोवाल्यानं जास्त मागितले ते मुकाट दिले. मी आयुष्यभर यांच्या अटींना वैतागले, आणि आता घरात एकही अट ऐकू येईना तर मला घरच परकं वाटायला लागलं. आजारी माणसाजवळ बसावं तशी मी यांच्याजवळ बसून राहायचे.

अशात भावाचा फोन आला. माहेरचं गवार-भेंडीचं घरचं बियाणं थोडं माझ्याकडे असतं. आमची मधली खोली उन्हाळ्यातही थंड, म्हणून तो दर वर्षी दिवाणाखाली ठेवायला देतो. ते पेरणीला हवं होतं. यांना गाडीवर पाठवून मी दिवाणाखाली वाकले, बियाण्याच्या बरण्या ओढल्या, आणि त्यांच्यामागून त्या पिशव्या निघाल्या. यांनी जानेवारीत नीट ठेव म्हणून दिलेल्या. मी एक ओढून पाहिली. ताणली. दोन्ही हातांनी जोर लावला. काही झालं नाही. जशी ठेवली तशी होती, पोह्याच्या वासासकट.

मी तिथंच फरशीवर बसले. त्याच कारखान्याची पिशवी, त्याच उन्हाळ्यातून गेलेली, फक्त टिनाखाली नव्हती. हवामान अनुकूल नाही हे वाक्य तिथं माझ्या मांडीवर खोटं पडलेलं होतं, आणि हे मला एकटीला माहीत होतं. पिशव्या परत दिवाणाखाली ढकलल्या असत्या तर यांनी कदाचित सही केली असती. दाखवल्या तर करणार नाहीत, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. डोळ्यांसमोर ते डबा घेऊन चकरा मारणारे गृहस्थ आले. मी पिशव्या खरंच एकदा आत ढकलल्या. मग कुकरच्या शिट्ट्या झाल्या, उठून गॅस बंद केला, वरणाला फोडणी दिली, आणि पुन्हा जाऊन पिशव्या काढल्या. का काढल्या त्याचं मोठं कारण माझ्याजवळ नाही. हा माणूस भरीत खारट झालं ते सांगेनासा झाला होता, आणि तसा नवरा पेन्शनसकट घरात घेऊन बसायची माझी तयारी नव्हती, एवढंच.

संध्याकाळी मी त्या यांच्या ताटाशेजारी ठेवल्या.

यांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठून हात धुतले, एक पिशवी उजेडात धरली, अंगठ्यानं कडा दाबून पाहिली, तांब्याभर पाणी ओतून न्हाणीत टांगली. मग विचारलं, "कुठं होत्या?"

"दिवानाखाली. बियान्यापाशी."

"अन् तू मले दाखवून राह्यली?"

"मंग काय करू? भरीत खारट झालं थे तरी सांगा आता."

"लय खारट होतं," हे म्हणाले, आणि जेवायला बसले.

त्या रात्रीची नव्हे, दुसऱ्या दिवशी रविवार होता, त्या सकाळची गोष्ट. यांनी पुढच्या खोलीत बसून टिपणी लिहिली आणि मला वाचून दाखवली. पिशवीत दोष नाही. दोष खरेदीच्या वेळेत आणि साठवणुकीत आहे. काळ्या पिशवीच्या सवयीनं आपण कुजणारी वस्तू घेतली. आणि मग पुढच्या निविदेसाठी अटी: वर्षाचा माल एकदम घेऊ नये, निंबोळी पडायच्या सुमारास पहिला हप्ता आणि गरजेप्रमाणे पुढचे, प्रत्येक गठ्ठ्यावर तयार केल्याची तारीख, ठेवण्याची जागा पक्क्या छताची, हवा खेळणारी, अनुदान मार्चमध्ये करारानं बांधून ठेवता येईल का याची विचारणा वर करावी. सगळ्यात आधी मात्र लिहिलं होतं की माल स्वीकारणे व साठवणे ही कार्यवाही खाली सही करणाऱ्यानं केली.

"हे पयलं काहून लिवलं?" मी चिडले. "खाली कुठं तरी लिवाचं."

"माल मीच घेतला ना. नाव वर पाह्यजे."

मी यांच्यासमोरून उठून स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण भांडी आपटली. आपटता आपटता डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं असं मी तेव्हा सांगितलं असतं. यांचा अभिमान वाटत होता, दुसरं काय.

व्हायचं ते झालं. कारणे दाखवा नोटीस आली, खुलासा मागवला, चौकशी लागली. साहेब बोलायचे कमी झाले. गाडीतल्या मंडळींनी पत्त्यांचा डाव यांच्याशिवाय मांडायला सुरुवात केली, मग काही दिवसांनी पुन्हा बोलावलं. माझी झोप उडाली. यांची उलट परत आली. घरात अटी पुन्हा सुरू झाल्या. दूधवाला मला म्हणाला, "काकू, साहेबाची तब्येत सुधरली वाट्टे."

दिवाणाखालच्या त्या पिशव्या भाऊ येऊन घेऊन गेला. मूर्तिजापूरला त्यानं त्यांत निंबोळ्या लावल्या. हे गाडीतून मधेच उतरून, संध्याकाळची पुढची गाडी पकडायच्या बोलीवर, मळ्यात पाहायला जायचे. भावाची निविदेची गोष्ट मोडून काढल्यापासून इतक्या वेळा हे तिकडे कधी गेले नव्हते. भाऊ फोनवर मला सांगायचा, "ताई, भाऊजी रोपाकडं पाहूनच नाई राह्यले. पिशवीकडंच पाह्यतेत." हिवाळाभर पिशव्यांनी पाणी सोसलं. दोन बुडाशी मऊ पडल्या, त्या भावानं विटांवर ठेवल्या. बाकीच्या उभ्या राहिल्या. पुढच्या पावसात रोपं पिशवीसकट धुऱ्यावर लावली, न फाडता. लावताना भाऊ म्हणाला, "भाऊजी, पिशवी न काढता लावाले हात धजून नाई राह्यला." हे म्हणाले, "माह्याबी नाई. पन लावा."

चौकशी निवृत्तीच्या जरा आधी संपली. लेखी ताकीद मिळाली, सेवापुस्तकात तशी नोंद झाली. जन्मभर ज्या सेवापुस्तकात एक डाग नव्हता त्यात शेवटच्या पानाजवळ तो लागला. मला ते फार लागलं. निरोप समारंभात शाल-नारळ मिळालं, भाषणांत पिशवीचं नाव कुणी काढलं नाही. पण नवी निविदा निघाली ती यांच्या अटींसकट. हप्त्यानं पुरवठा, गठ्ठ्यावर तारीख, पक्क्या छताची जागा. हे घरी खुर्चीत बसून मोबाइलवर ती निविदा वाचत होते, चष्मा वर करून, एकेक अट पुटपुटत. कुणाचं नाव त्यात नसतंच. मी चहा ठेवला तर म्हणाले, "सातव्या अटीत सोल्पविराम राह्यला." मी म्हटलं, सोडा आता.

गेल्या वर्षी पाऊस उघडल्यावर आम्ही दोघं माहेरी गेलो. धुऱ्यावरचे कडुनिंब कमरेएवढे झाले होते. एक झाड मात्र शेळ्यांनी वारंवार ओरबाडल्यामुळे खुरटलं होतं, ते भाऊ काढून दुसरं लावणार होता. हे म्हणाले, मी काढतो. धोतर-पायजम्याचे नव्हेत, इस्त्रीच्या पँटीचे माणूस, पण चिखलात गुडघे टेकून बसले. भावानं कुदळीनं कडेची माती सैल केली, आणि यांनी हातांनी उकरायला सुरुवात केली. रोप मातीच्या गोळ्यासकट वर आलं. मुळं चारी बाजूंनी बाहेर धावलेली, सरळ, एकही आत वळलेलं नाही.

हे ती माती बोटांनी फोडायला लागले. ढेकूळ ढेकूळ चुरून पाहिलं. खड्ड्याच्या तळात हात घालून खालची माती काढली, तीही चुरली. चष्मा घसरला तो मनगटानं वर सारला, मनगटाचा चिखल नाकाला लागला. ज्या माणसानं जन्मभर आलेला माल मोजून घेतला, एक कुदळ कमी भरली तर ट्रक थांबवून ठेवला, तो माणूस आपण निवडून आणलेली वस्तू शोधत होता. काळी जमीन, ओली, चिकट. तिच्यात जुन्या प्लास्टिकची एक चिंधी सापडली, ती यांनी बाजूला ठेवली. आणि पुन्हा शोधलं.

भाऊ कुदळीवर टेकून उभा होता. त्यानं विचारलं, "भाऊजी, भेटली काय?"

"नाई," हे म्हणाले.

मग माझ्याकडे वर पाहिलं आणि दोन्ही मातीचे तळहात पसरून मला दाखवले, रिकामे. "काईच नाई भेटलं," म्हणाले. मी पदरानं यांच्या नाकावरचा चिखल पुसला, भावासमोर, आणि मला काही लाज वाटली नाही.